देवघरातली बाजरी

आमचं रान गावाच्या वर, माळाला लागून आहे. एक एकर दहा गुंठे. त्यात बाजरीशिवाय दुसरं काही येत नाही, आणि त्या वर्षी बाजरीही आली नाही. पेरल्यावर दोन पाऊस झाले, रोपं गुडघ्याला लागली, आणि पुढं आभाळ कोरडंच राहिलं. भादव्यात रानातून चाललं की पायाखाली कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा.

बाजरी गेली म्हणजे वैरणही गेली. दावणीला एक गाय होती. माझ्या भावानं ती कालवड असताना मला दिली होती, नंतर ती माझ्याच हातावर वाढली. आमचे मालक मुंबईला बाजारात हमालीला असतात. त्यांचा दर रविवारी फोन यायचा आणि दर रविवारी ते एकच बोलायचे.

"गाय इकून टाक. उपाशी मारण्यापरीस बरं."

"दिवाळीपतूर थांबा," मी म्हणायची. "अनुदान यायचंय म्हणत्यात. त्यात वैरण घेऊ."

"आणि न्हाई आलं तर?"

 मी फोन गायीजवळ नेऊन धरायची. तिनं रवंथ केला की मालकांना ऐकू जायचं आणि ते विषय सोडायचे.

अनुदान ज्यांची बाजरी जळाली त्यांना मिळणार होतं. पण बाजरी जळाली हे सरकारला कळायचं तर ती आधी होती हे कळायला पाहिजे. सातबाऱ्यावर बाजरीची नोंद नसली तर ते रान पड धरतात, आणि पड रानाचं काय जळणार? ही नोंद आता आपली आपणच मोबाइलवर करायची असते. मालकांनी हे रान माझ्या नावावर करून दिलेलं आहे, म्हणून नोंदही मीच करायची होती. मुदत नवरात्रात संपत होती.

ॲप उघडलं की एक नकाशा येतो. त्यात आपल्या गटाभोवती पिवळी रेघ असते आणि आपण म्हणजे एक निळा ठिपका. ठिपका रेघेच्या आत असेल तरच फोटोचं बटण उघडतं. मी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेले, मधोमध उभी राहिले आणि ॲप उघडलं. ठिपका पिवळ्या रेघेच्या पार बाहेर होता. खाली लिहून आलं, आपण निवडलेल्या गटात नाही आहात.

मी पायाकडं बघितलं. सासऱ्यांनी पुरलेला हद्दीचा दगड माझ्यापासून चार पावलांवर होता. मी दगडावर जाऊन उभी राहिले. तरी नाही म्हणालं.

मग मी चावडीत गेले. तलाठी भाऊसाहेबांपुढं गर्दी होती. मी मागं भिंतीला उभी राहिले. माझ्यासारखाच ज्याचा त्याचा गट भलतीकडं दाखवत होता. पुढं आमच्या गावचे रिटायर फौजी होते. ते सावधानमध्ये उभे राहून बोलतात.

"साब, माझी पोझिशन तळ्यात दाखवतंय."

"मग तळ्यात जा," भाऊसाहेब म्हणाले.

"तळं आटलंय म्हणून जाता येतंय, साब. दुष्काळ पडला हे बरं झालं. न्हाईतर पोहत हुलगं दाखवायचं का?"

"फौजी, नकाशा सरकलाय. वरनं सरकूनच आलाय. दुरुस्तीला अर्ज द्यायला लागतो, मोजणी लागते. तवर मुदत जाईल. सध्या ठिपका जिथं बसतोय तिथं उभं ऱ्हावा, पीक हातात धरा, फोटो काढा."

"म्हंजे पीक चालत आणायचं?"

"चालत आणा, न्हाईतर गाडीवर आणा. फोटोत पीक दिसाय पायजे."

सगळे गेल्यावर भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी फोन पुढं केला. त्यांनी बघितला आणि परत दिला.

"मावशी, तुमचा गट वस्तीत आलाय. वड्याकडंच्या घरांत. जावा, शोधा."

मी परत रानात गेले, वाळल्या बाजरीची पेंढी बांधली, काखेत मारली आणि फोनकडं बघत निघाले. त्या दोन-तीन दिवसांत आमच्या गावात अशी बरीच माणसं फिरत होती. कुणी मटकीचे वेल खांद्यावर टाकून देवळाच्या सभामंडपात उभा होता. कुणी हायब्रीड ज्वारीची धाटं घेऊन शाळेच्या मुतारीत शिरला होता आणि मास्तर बाहेरून दार वाजवत होते. एकानं भर रस्त्यात घमेल्यात भुईमूग ठेवला होता, आणि दहिवडीची एसटी फोटो होईपर्यंत थांबली होती. ड्रायव्हर खाली उतरून सांगत होता, "जरा डावीकडं घ्या, डावीकडं. आता बसला ठिपका." मला कुणी हसलं नाही. कुणाला हसायची सवड नव्हती.

माझा ठिपका चालत चालत पिवळ्या रेघेला लागला तेव्हा मी मान वर केली. समोर थोरल्या जावेचं घर होतं.

आम्ही दोघी सात वर्षं बोलत नव्हतो. कारण सांगायला मला अजून बरं वाटत नाही. त्यांच्या लेकाच्या लग्नात मी त्यांना आहेराची साडी नेसवली होती. ती साडी मला दुसऱ्या एका लग्नात आली होती, आणि त्या लग्नघराला आणखी कुणाकडून. ती मुळात जाऊबाईंनीच माझ्या आईला दिलेली होती. पाच घरं हिंडून ती त्यांच्याकडंच परत गेली, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पदराचा हळदीचा डाग ओळखला. भर मांडवात त्या म्हणाल्या होत्या, "आली गं बाई, माझी मला परत आली." तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या आणि मी तर तशीही कुणाशी फार बोलत नाही.

सासूबाई त्यांच्याकडं असतात. त्या अंगणात बसून लसूण सोलत होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. ठिपका रेघेवर होता, आत नव्हता. मी एक पाऊल पुढं टाकलं. ठिपका आत गेला आणि लगेच बाहेर आला. मी अंगणभर फिरले. तुळशीपाशी नाही, गोठ्यात नाही. ओसरीच्या पायरीवर पाय दिला तेव्हा तो सरकून रेघेच्या आत टेकला, पण बटण उघडायच्या आधी परत बाहेर गेला.

थोरल्या जाऊबाई दारात आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. सासूबाईंना म्हणाल्या, "आत्या, इचारा तिला, काय हुडकतीया माझ्या घरात?"

सासूबाईंनी लसणावरून मान उचलली. "काय हुडकतीस गं?"

"माझं रान," मी म्हणाले.

"रान हुडकतीया म्हंते," सासूबाई जाऊबाईंना म्हणाल्या, जणू मी शिवेपलीकडून बोलले होते.

मी त्यांना फोन दाखवला. त्यांना दिसलं काही नाही, पण ठिपका म्हणजे मी आणि पिवळी रेघ म्हणजे रान एवढं त्यांना कळलं. त्यांनी तिथूनच जाऊबाईंना समजावलं. गाईचं सांगितलं, अनुदानाचं सांगितलं. मी ओसरीवरून माजघरात आणि माजघरातून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. आत पाऊल टाकल्यावर ठिपका रेघेच्या आत पक्का बसला आणि फोटोचं हिरवं बटण उघडलं.

देवघरात घट बसला होता. काळ्या मातीवर मडकं, मडक्यावर नारळ, दोन माळा चढलेल्या, शेजारी अखंड समई. मी पेंढी काखेतून काढली.

"आत्या!" जाऊबाईंचा आवाज चढला. "सांगा तिला. घटाजवळ वाळकं आणायचं न्हाई. नऊ दिस माझ्या देवीपुढं वाळकं पान पडू देत न्हाई मी. भायेर ने म्हणावं ते."

"वाळकं नको म्हंते गं," सासूबाई म्हणाल्या.

"ऐकलं," मी म्हणाले आणि पेंढी बाहेर ओसरीवर ठेवून आले. घरामागं लगेच ओढ्याची दरड, तिथं उभं राहायला जागा नव्हती. बाहेर पेंढी होती तर ठिपका नव्हता. आत ठिपका होता तर पेंढी नव्हती. मी उंबऱ्यावर बसले. दुसरं काय करावं मला सुचेना. गाय गेलीच असं मी मनात धरलं.

तसेच पाच दिवस गेले. मी रोज जात होते आणि रोज रिकामी परत येत होते. दारात आलेल्या सवाष्णीला नवरात्रात कुंकू लावल्याशिवाय पाठवत नाहीत, म्हणून जाऊबाई रोज यायच्या, माझ्याकडं न बघता अंदाजानं कुंकू लावायच्या आणि आत जायच्या. दोन दिवस ते भुवईवर लागलं.

सातव्या माळेला सासूबाई माझ्यामागं देवघरापर्यंत आल्या. घटाखालची रोपं तोवर वीतभर झाली होती, दाट आणि पिवळसर हिरवी. त्या वाकून बघत राहिल्या.

"ह्यात बाजरी हाय का न्हाई गं?"

जाऊबाई म्हणाल्या, "सात धान्यं टाकत्यात. बाजरी हाय की. सगळ्यात चांगली तीच आलीया."

"मग काढू दे की तिला ह्योच फोटू. हिरवी हाय. वाळकं कुठं हाय ह्यात?"

"आवं आत्या, घटाचा फोटू? आणि खोटं न्हाई का ते? हे माझं देवघर, ही काय तिच्या रानातली बाजरी हाय?"

सासूबाई म्हणाल्या, "माती तिच्याच रानातली हाय."

जाऊबाई एकदम गप्प झाल्या. मला आधी कळलं नाही. मग कळलं. आमच्या घरात घटाला माळावरच्या रानाची माती घ्यायची चाल आहे. सासरे होते तेव्हापासून. वाटणीत ते रान आमच्याकडं आलं, आणि जाऊबाई बोलत नव्हत्या म्हणून मागायला येत नव्हत्या. सात वर्षं सासूबाई गुपचूप पाटीभर माती आणून देत होत्या.

"म्हंजे रान हितंच आलंय की," सासूबाई म्हणाल्या. "नकाशा बराबर हाय. उगं तलाठ्याला नावं ठेवताय."

 जाऊबाई दारातून बाजूला झाल्या.

मी हात जोडले आणि फोटो काढला. फोटोत रोपं आली, समईचा उजेड आला, देवीचे पाय आले. पुढं ॲपनं विचारायला सुरुवात केली. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी मोठ्यानं वाचत होते. पीक, बाजरी. क्षेत्र, एक एकर दहा गुंठे.

"एवढं?" जाऊबाई सासूबाईंना म्हणाल्या. "माझ्या देवघरात?"

पाण्याचा प्रकार विचारला होता. मी कोरडवाहूवर बोट ठेवायला गेले.

"आत्या, कोरडवाहू कसं काय म्हंते ती? रोज आंघूळ करून, वल्ल्यानं पाणी घालती मी. तांब्यानं. एक दिस चुकवला न्हाई."

"बागायत लाव म्हंते," सासूबाई म्हणाल्या.

"बागायत लावलं तर इहीर हाय का, कॅनॉल हाय का, ठिबक हाय का ते इचारतंय," मी सासूबाईंना म्हणाले. "तांब्या न्हाई ह्यात."

"तांब्या न्हाई म्हंते."

"मग कसलं सरकार!" जाऊबाई म्हणाल्या. मी कोरडवाहू दाबलं. शेवटी आलं, वरील माहिती माझ्या गटातील असून खरी आहे असे मी घोषित करते. मी मातीकडं बघितलं आणि हो म्हटलं.

दसऱ्याला जाऊबाईंनी घट उठवला. रोपं खुडून देवाला वाहिली, उरलेले तुरे घरातल्या पुरुषांनी टोप्यांत खोवले. माती त्यांच्याकडं पौर्णिमेला उचलतात, म्हणून ती तशीच राहिली.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. आधी ते माझ्याबरोबर माळावर आले. रानात फिरले, एक कणीस हातात चोळून बघितलं, त्यातून भुसा उडाला.

"गेलं सगळं, मावशी," ते म्हणाले. "डोळ्यांनी बघितलं मी. पण डोळ्यांनी बघितलेलं ॲपात चढत न्हाई. पहिला फोटो जिथं काढला तिथंच दुसरा काढाय लागतो. दोन्ही शेजारी ठेवून वर ठरवत्यात, किती गेलं ते. पहिला कुठं काढला?"

मी वस्तीकडं हात केला.

वाटेत त्यांनी पहिला फोटो उघडला. चालता चालता ते थांबले. बराच वेळ बघत राहिले, मग पायातली चप्पल काढावी का असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी एक काढली आणि परत घातली.

"लय हिरवं आलंय," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "आणि तिथं अजून असंच हिरवं असलं तर नुकसान शून्य धरतील, मावशी. मग माझ्या हातात काय न्हाई."

जाऊबाई घरी एकट्याच होत्या. सासूबाई डोळे दाखवायला फलटणला गेल्या होत्या. मी दारात थांबले. आता कुणाच्या तोंडून बोलायचं ते आम्हा दोघींनाही कळेना. भाऊसाहेब चप्पल काढून आत गेले. देवघरात टोपलीतली काळी माती होती, भेगा पडलेली, आणि तिच्यावर खुडलेल्या रोपांचे बारके खुंट. त्यांनी वाकून फोटो काढला आणि उठून लिहायला लागले.

"बाजरी. उभं पीक काही नाही. नुकसान शंभर टक्के."

"नुकसान?" जाऊबाई पुढं आल्या. "भाऊसाहेब, नुकसान लिवू नका. माझ्या घटाचं नुकसान कसं व्हईल? नऊ माळा चढल्या, घट उठला, तुरं देवाला गेलं. अभद्र बोलू नका माझ्या देवघरात."

"आवं बाई, पीक आता हाय का हितं?"

"न्हाई."

"मग गेलं की ते."

"गेलं न्हाई. वाहिलं."

"वाहिलं असा रकाना न्हाई," भाऊसाहेब म्हणाले. "जळालं हाय, बुडालं हाय, कीड लागली हाय. ह्यातलं सांगा."

"ह्यातलं काईच झालं न्हाई. सांगा तिला, दुसरं कुठलं तरी रान दाव म्हणावं."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. "दुसरं रान दाखवा म्हणत्यात," ते मला म्हणाले, आणि आपण हे का सांगतोय असा त्यांचा चेहरा झाला. पेन त्यांनी टोपणात घालायला घेतलं.

 मी पदर दोन्ही हातांनी धरला.

"अक्का," मी म्हणाले. "गाय जाईल."

सात वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हाक मारली होती. जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग टोपलीतल्या मातीकडं बघितलं. मग भाऊसाहेबांना म्हणाल्या, "लिवा."

"काय लिवू?"

"जळालं लिवा. पर घटाचं न्हाई. वर माळावर जे जळालं ते लिवा."

"गट एकच हाय."

"म्हणून तर म्हंते लिवा. आणि चा ठेवलाय, बसा." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू बी बस."

भाऊसाहेबांनी लिहिलं. चहा पिताना त्यांनी मला विचारलं, एवढी दाट बाजरी कशी आली.  जाऊबाई म्हणाल्या, "तांब्यानं पाणी घालायचं. रोज."

चावडीवर यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढं बाजरी, शंभर टक्के होतं. ज्यांनी खरीखुरी वाळलेली धाटं धरून फोटो काढले होते त्यांच्यापुढं कमी होतं. फोटोत काहीतरी उभं दिसत होतं, म्हणे. पुढच्या खेपेला घट बसवूनच पेरायचं, असं दोघं-तिघं बोलताना मी ऐकलं आणि तिथून निघाले. फौजींच्या हुलग्याचं ठरलंच नव्हतं. दुसऱ्या फोटोच्या वेळेला तळ्यात टँकरचं पाणी सोडलेलं होतं, आणि वरच्या ऑफिसातून विचारलं होतं, पीक पुरात गेलं काय.

यादी लागली तरी पैसे आले नाहीत. दिवाळी झाली. मालकांनी एका व्यापाऱ्याला सांगून ठेवलं होतं. तो पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आला आणि दावं सोडायला वाकला. मी दाराआडून बघत होते. मग बाहेर आले.

"विकायची न्हाई," मी म्हणाले.

"मालकांनी सांगितलंय, वैनी."

"त्यांना सांगते मी."

"पैसं आलं का सरकारचं?"

"न्हाई."

"मग गाय काय खाणार?"

 मी दावं धरून उभी राहिले. तो टेम्पोत बसला, काच खाली करून म्हणाला, "पुढल्या सोमवारी येतो." तो पुढच्या सोमवारी आलाही. तेव्हाही मी दावं धरून उभी राहिले. मालक फोनवर दोन रविवार बोलले नाहीत. मधल्या दिवसांत मी पळसाचा पाला, वडाचा पाला, जे हाताला लागेल ते आणून घातलं. गायीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या होत्या.

पैसे आल्याचा मेसेज आला तो दुपारचा. मी बोअरवर घागर लावून बसले होते. तीनदा वाचला. मग घागर भरायची सोडून उठले. दुसऱ्या दिवशी फलटणकडून उसाच्या वाड्याची, शेंड्याच्या पाल्याची, ट्रॉली आली आणि गोठ्यापुढं उतरली. हिरवंगार, ओलं वाडं. मी एक कवळी उचलून गायीपुढं टाकली.

गायीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

 आमच्या गायीनं जन्मात ऊस बघितला नव्हता. मी चार पानं तोडून तिच्या तोंडाशी धरली. तिनं मान लांब नेली. सरकार, देवी, भाऊसाहेब, जाऊबाई, सगळ्यांनी हो म्हटलं होतं आणि आता ही नाही म्हणत होती. संध्याकाळी मालकांचा फोन आला, रविवार नसताना.

"आली का वैरण?"

"आली."

"खाल्ली का तिनं?"

"न्हाई. तोंड लावत न्हाई."

मालक हसले. किती महिन्यांनी हसले. "आगं, बारीक कापून बाजरीच्या काडात मिसळ. वळख व्हईस्तवर."

मी अंगणात विळी घेऊन बसले आणि वाडं बारीक कापलं. पुरवून पुरवून उरलेल्या चार पेंढ्यांच्या काडात ते टोपल्यात कालवून तिच्यापुढं ठेवलं. तिनं आधी काड वेचून खाल्लं. मग एक हिरवा तुकडा जिभेला लागला. ती थांबली. मग दुसरा घेतला. मी फोन तसाच कानाला धरून बसले होते, आणि मालकही तिकडं काही न बोलता धरून होते.

"खातीया का?"

"खातीया."

"मग ठेव," ते म्हणाले. फोन ठेव म्हणाले की गाय, ते मी विचारलं नाही. मी टोपलं तिच्यापुढं सरकवलं आणि आणखी वाडं कापायला घेतलं.